प्रसूतिकाळात रक्तदाबाची दक्षता

(आरोग्यसेविका, आशा स्वयंसेविका आणि ग्रामस्थ यांच्यासमोर केलेले भाषण)



बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या एका वाक्यात आनंद आणि धास्ती दोन्ही सामावलेली आहेत. घरात पाळणा हलणार म्हणून सारे कुटुंब हरखून जाते. परंतु कळा सुरू झाल्या, की घरातील वडीलधारी स्त्री देवापुढे दिवा लावून सुखरूप सुटका होऊ दे, एवढेच मागते. ही सुखरूप सुटका पूर्वी सर्वस्वी दैवाधीन मानली जाई. आज ती फार मोठ्या अंशाने माणसाच्या दक्षतेवर अवलंबून आहे. या दक्षतेच्या अनेक अंगांपैकी एका साध्या, स्वस्त, परंतु वारंवार दुर्लक्षिल्या जाणाऱ्या अंगाचा येथे विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे प्रसूतीच्या वेळी मातेचा रक्तदाब वेळेवर मोजणे, तो नोंदविणे आणि नोंदलेल्या आकड्याप्रमाणे विनाविलंब कृती करणे.

प्रसूतीच्या वेळी उद्भवणारी कित्येक संकटे आपल्या आगमनाची वर्दी देतात. रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, ताप हाताला लागतो, मूल आडवे असल्यास अनुभवी हाताला ते समजते. वाढलेला रक्तदाब मात्र दिसत नाही, लागत नाही आणि पुष्कळदा दुखतही नाही. स्त्री बोलत असते, खोलीत येरझारा घालीत असते, कळा सोशीत असते आणि त्याच वेळी तिच्या रक्तवाहिन्यांतील दाब धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेला असतो. दंडाला पट्टा बांधून मोजल्यावाचून तो कोणासही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ ते २००९ या कालखंडातील मातामृत्यूंच्या कारणांचा जो आढावा २०१४ साली प्रसिद्ध केला, त्यात रक्तस्राव हे पहिल्या क्रमांकाचे कारण होते, तर गरोदरपणातील उच्च रक्तदाब व त्यातून येणारे झटके यांचा वाटा सुमारे १४ टक्के होता. म्हणजे दर सात मातामृत्यूंपैकी एकामागे हा मूक शत्रू होता.

रोग ठाऊक होता, यंत्र नव्हते

गरोदर व बाळंत स्त्रियांना येणारे झटके मानवास फार प्राचीन काळापासून परिचित आहेत. वैद्यकात त्यांस एक्लाम्पसिया असे नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकाएकी लखलखणे असा होतो. आभाळ निरभ्र असता वीज पडावी, तसे हे झटके येतात, अशीच त्या काळी समजूत होती. १८४३ साली लंडनच्या गाइज रुग्णालयातील जॉन लीव्हर या वैद्याला अशा स्त्रियांच्या लघवीत प्रथिन आढळले आणि या विजेच्या आधी ढग जमतात, हे हळूहळू लक्षात येऊ लागले.

रक्ताला दाब असतो हे त्यापूर्वीच सिद्ध झाले होते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोड्याच्या रोहिणीत नळी बसवून रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढते, हे दाखवून दिले व १७३३ साली ते प्रसिद्ध केले. परंतु माणसाच्या बाबतीत, आणि तेही त्वचेला छेद न देता, हा दाब सुलभपणे मोजता यावा यासाठी आणखी दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. महाराष्ट्राची कन्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्या वर्षी आज सर्वत्र दिसणारे दंडपट्ट्याचे यंत्र अद्याप जन्मास यावयाचे होते. इटलीतील रिवा-रोच्ची यांनी ते १८९६ साली तयार केले. १९०५ साली रशियातील कोरोत्कोव्ह या शल्यचिकित्सकाने पट्ट्याखाली स्टेथॉस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ओळखण्याची रीत सांगितली. आज खेड्यातील उपकेंद्रावर आरोग्यसेविका जी रीत वापरते, ती हीच होय.

शरीरात नेमके काय घडते

पूर्वीच्या मराठी वैद्यकीय लेखनात या विकाराला गर्भविषबाधा म्हणत. गर्भापासून एखादे विष उत्पन्न होते, अशी कल्पना त्यामागे होती. असे एखादे विष कधीच सापडले नाही, म्हणून ते नाव मागे पडले. आज जे ज्ञात आहे ते थोडक्यात असे, की गरोदरपणाच्या आरंभीच्या महिन्यांत वारेला रक्त पुरविणाऱ्या मातेच्या रक्तवाहिन्या जितक्या रुंदावयास हव्यात, तितक्या काही स्त्रियांत रुंदावत नाहीत. वारेला रक्त अपुरे पडते. अशी वार मातेच्या रक्तात जे घटक सोडते, त्यांच्यामुळे सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. वाहिन्या आकुंचन पावतात व झिरपू लागतात. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडातून प्रथिन बाहेर पडते, यकृतावर ताण येऊन बरगडीखाली दुखते, आणि मेंदूवर परिणाम झाला म्हणजे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे व अखेरीस झटके येणे, हा क्रम ओढवतो.

पाच महिने, म्हणजे २० आठवडे, पूर्ण झाल्यानंतर चार तासांच्या अंतराने दोन वेळा मोजलेला दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजावयाचा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यांपैकी एक ओलांडला तरी पुरे. १६०/११० ही रेषा तातडीची होय. तेथे चार तास थांबावयाचे नसते. काही मिनिटांनी पुन्हा मोजून खात्री करावयाची आणि उपचार सुरू करावयाचा. पायांवरच्या सुजेवर मात्र विसंबू नये. पुष्कळ निरोगी गरोदर स्त्रियांचे पाय सुजतात आणि सूज नसतानाही झटके येऊ शकतात. सूज पाहून निष्कर्ष काढण्याची जुनी सवय यास्तव सोडली पाहिजे.

गरोदरपणात दर भेटीत दाब तपासला होता, तो नेहमी ठीक होता, मग आता कळांच्या वेळी पुन्हा कशासाठी, असा प्रश्न घरची मंडळी विचारतात. त्याचे उत्तर असे, की काही स्त्रियांत हा विकार अगदी शेवटच्या दिवसांत, काहींत प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर, तर काहींत बाळ जन्मल्यानंतर प्रथमच प्रकट होतो. कार्डावरील मागच्या महिन्याचा चांगला आकडा आजच्या रात्रीची हमी देऊ शकत नाही.

मोजण्याची शिस्त

कळांच्या वेळी दाब मोजणे हे इतर वेळी मोजण्यापेक्षा थोडे अवघड असते. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशय आवळले जाते आणि त्यातील रक्त मातेच्या अभिसरणात ढकलले जाते. वेदनेचा ताण त्यात भर घालतो. त्यामुळे कळ चालू असताना दाब साहजिकच चढतो. म्हणून तो दोन कळांच्या मधल्या वेळात, स्त्री शांत झाल्यावर मोजावयाचा, हा पहिला नियम होय.

दुसरा नियम स्थितीचा. स्त्री उताणी निजली असता भरलेले गर्भाशय पाठीच्या कण्याजवळून जाणाऱ्या मोठ्या नीलेवर दाबले जाते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि दाब खोटा उतरलेला दिसतो. तिला घेरीही येते. यास्तव तिला टेकून बसवावे किंवा डाव्या कुशीवर थोडे कलते निजवावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा. कुशीवर निजलेल्या स्त्रीचा वरच्या बाजूचा हात हृदयापेक्षा उंच राहतो आणि त्या हातावर घेतलेला दाब प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. ही चूक पुष्कळ ठिकाणी नकळत होत असते.

तिसरा नियम पट्ट्याचा. पट्ट्यातील फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के तरी असावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर दाब खोटा जास्त दिसतो. बारीक दंडाला फार मोठा पट्टा बांधला, तर तो कमी दिसतो. पट्टा बाहीवरून बांधू नये. लघवी तुंबलेली नसावी. मोजत असता स्त्रीशी बोलू नये आणि तिलाही बोलते करू नये. हवा सावकाश सोडावी, म्हणजे ठोका प्रथम केव्हा ऐकू आला आणि केव्हा नाहीसा झाला, हे दोन्ही अचूक कळते. ठोका नाहीसा झाला तो खालचा दाब.

आकडा शून्यावर किंवा पाचावर नेऊन ठेवण्याचा मोह टाळावा. १३८/८८ हा आकडा १३०/८० असा लिहिला, तर लिहिणाऱ्याचे काही बिघडत नाही, परंतु पुढल्या पाळीच्या परिचारिकेला दाब चढत आहे हे कळावयाचे, ते कळत नाही. त्याहून वाईट सवय म्हणजे यंत्र न लावताच सगळ्यांच्या कागदावर १२०/८० लिहून टाकणे. अशी नोंद कोरी जागा सोडण्यापेक्षाही घातक असते, कारण कोरी जागा पाहणारास मोजण्याची आठवण तरी करून देते.

चार तासांचे घड्याळ

सक्रिय कळा सुरू झाल्यावर निरोगी स्त्रीचा रक्तदाब दर चार तासांनी, तर नाडी व बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने पाहावेत, असा संकेत आहे. दाब वाढलेला असेल, तर चार तासांची मुदत उरत नाही. तासातासाने व तीव्र स्थितीत त्याहून वारंवार मोजावे लागते. पाठीच्या कण्यात वेदनाशामक औषध देऊन प्रसूती होत असल्यास दाब एकाएकी उतरण्याचा संभव असतो. तेव्हा आरंभीची काही मिनिटे दर पाच मिनिटांनी तो पाहिला जातो.

या सर्व नोंदी एकाच कागदावर याव्यात यासाठी जो आलेख वापरतात, त्याला पार्टोग्राफ म्हणतात. फिलपॉट व कॅसल या दोघा डॉक्टरांनी १९७२ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, त्याला सावधानतेची व कृतीची अशा दोन रेषा जोडल्या. मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या केंद्रावर एकट्या दाईला पुढे पाठविण्याची वेळ केव्हा आली हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो आलेख स्वीकारला व २०२० साली त्याची सुधारित आवृत्ती प्रसृत केली. या कागदाच्या वरच्या भागाकडे, म्हणजे बाळाच्या ठोक्यांकडे व गर्भाशयाच्या मुखाकडे, सर्वांचे लक्ष असते. मातेच्या नाडीची व दाबाची जागा खाली असते आणि पुष्कळदा तीच मोकळी राहते. आई त्या कागदाच्या तळाशी आहे म्हणून तिचे महत्त्व कमी होत नाही.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पहिलटकरीण रात्री आठ वाजता दाखल झाली. दाब १३०/८४ होता. कळा चांगल्या होत्या, बाळाचे ठोके उत्तम होते. बारा वाजता दोन प्रसूती एकाच वेळी आल्या आणि केंद्रावर परिचारिका एकटीच होती. त्या धांदलीत पहिलटकरणीचे डोके दुखू लागले. सासूबाई म्हणाल्या, सकाळपासून पोटात अन्न नाही, रडून रडून दुखत असेल. अशा वेळी दोन मार्ग असतात. हात मोकळा झाल्यावर पाहू, असे म्हणून परिचारिकेने ते पहाटेवर टाकले, तर पुढली नोंद कदाचित झटक्याचीच होईल. तिने दोन मिनिटे काढून पट्टा बांधला आणि दाब १४८/९६ आढळला, तर डोकेदुखीचा अर्थच बदलतो. पंधरा मिनिटांनी तो १६२/११० झाला, लघवीच्या पट्टीवर प्रथिन दिसले, की डॉक्टरांना उठविणे, पहिली मात्रा देणे आणि गाडी बोलाविणे ही कामे झटका येण्यापूर्वीच सुरू होतात. दोन मार्गांतील अंतर दोन मिनिटांचे असते.

आकड्यानंतरची कृती

झटके टाळणारे व आलेले थांबविणारे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट होय. ते महाग नाही आणि नवेही नाही. अमेरिकेतील डॉ. प्रिचर्ड यांनी १९५० च्या दशकात त्याची जी पद्धत बसविली, ती आजही अनेक देशांत चालते. तथापि हे औषध इतरांपेक्षा खरोखरच सरस आहे काय, याचा निकाल लागण्यास पुढील चाळीस वर्षे लागली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील सुमारे १,७०० स्त्रियांच्या अभ्यासात डायझेपाम व फेनिटॉइन या दोन्हींपेक्षा मॅग्नेशियमने झटके पुन्हा येण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी झाले. २००२ साली ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले, की रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला झटका येण्यापूर्वीच हे औषध दिले, तर झटक्याचा धोका निम्म्याहून कमी होतो.

भारतातील मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्रावरील प्रशिक्षित आरोग्यसेविकेलाही, झटके येत असलेल्या स्त्रीस पुढे पाठविण्यापूर्वी, पहिली मात्रा स्नायूत देता येते. दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, असे १० ग्रॅम औषध त्यात असते. पुढील मात्रा देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण या तीन गोष्टी तपासाव्या लागतात. औषधाचा अतिरेक झाल्यास कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा जवळ ठेवावा लागतो.

मॅग्नेशियम झटके रोखते. दाब उतरविण्यास वेगळे औषध द्यावे लागते. या बाबतीत महाराष्ट्राच्या भूमीवर झालेले एक काम जगाच्या उपयोगी पडले, याचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. शिरेतून औषध देऊन सतत निगराणी ठेवणे लहान रुग्णालयांना झेपत नाही. मग तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी तीव्र दाब आटोक्यात येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नागपुरातील दोन सार्वजनिक रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळात ८९४ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल व मिथिलडोपा या तीन गोळ्यांची तुलना करण्यात आली. सहा तासांच्या आत, कोणताही गंभीर दुष्परिणाम न होता, दाब आटोक्यात आलेल्या स्त्रियांचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ व ७६ टक्के होते. तिन्ही स्वस्त गोळ्या उपयुक्त ठरल्या. मात्र गोळी दिली आणि यंत्र बाजूला ठेवले, असे तेथे नव्हते. दाब पुन्हा पुन्हा मोजूनच पुढील मात्रा द्यावयाची की नाही, हे ठरत होते. दाब एकाएकी फार उतरविणेही हितावह नसते, कारण वारेतून बाळाला मिळणारे रक्त त्याच दाबावर वाहत असते. निफेडिपिनची गोळी गिळावयाची असते, जिभेखाली ठेवावयाची नसते, हेही ध्यानात ठेवावे.

झटका आलाच, तर काय करावे हे नातेवाइकांनीही जाणून घ्यावे. तिला डाव्या कुशीवर वळवावे, पडू देऊ नये. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. ही बाहेरची बाधा नाही. अंगाऱ्यासाठी गेलेला अर्धा तास पुन्हा मिळत नाही.

बाळ जन्मले, दक्षता संपली नाही

बाळाचा पहिला टाहो ऐकू आला, की प्रसूतिगृहातील सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते. पेढ्यांची तयारी होते. मातेच्या दृष्टीने मात्र पुढील दोन तास अतिशय जोखमीचे असतात. या काळात दर पंधरा मिनिटांनी तिची नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा घट्टपणा आणि अंगावरून जाणारे रक्त पाहिले गेले पाहिजे.

येथे दाबाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. एक, तो चढतो काय? रक्तस्राव रोखण्यासाठी देण्यात येणारे मिथिल अर्गोमेट्रिनचे इंजेक्शन रक्तदाब वाढविते. ज्या स्त्रीचा दाब आधीच वाढलेला आहे, तिला ते देऊ नये. तेथे ऑक्सिटोसिन वापरावे. दाब मोजलेलाच नसेल, तर हा निर्णय अंधारात घ्यावा लागतो. दुसरे, तो उतरतो काय? फार रक्त गेले म्हणजे दाब उतरतो, हे खरे. परंतु तो पुष्कळ उशिरा उतरतो. तरुण निरोगी शरीर बराच काळ तग धरते आणि नंतर एकाएकी ढासळते. त्यापूर्वी नाडी जलद होते. म्हणून दाब ठीक आहे एवढ्यावर समाधान न मानता नाडी व दाब हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. नाडीचा आकडा वरच्या दाबाच्या आकड्याला गाठू लागला, तर ती धोक्याची घंटा समजावी.

घरी परतल्यावरही धोका काही दिवस उरतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास दाब पुन्हा चढण्याचा संभव असतो. नेमक्या याच दिवसांत बाळंतीण कानाला फडके बांधून खोलीत निजलेली असते. तिचे डोके दुखले, तर कानात वारा शिरला, जागरण झाले, असे म्हणून शेक दिला जातो. बाळंतिणीने डोके फार दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीखाली पोटात दुखते, असे सांगितले, तर शेक नंतर द्यावा. आधी तिचा दाब मोजून घ्यावा.

यंत्र आणि माणूस

पाऱ्याच्या उंच पेटीची यंत्रे आता मागे पडत आहेत. पाऱ्याच्या दुष्परिणामांविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला व २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार अशी यंत्रे टप्प्याटप्प्याने बंद करावयाची आहेत. त्यांच्या जागी काट्याची व विजेरीवर चालणारी यंत्रे आली. काट्याचे यंत्र हाताळणीने चुकू लागते, म्हणून ते ठरावीक मुदतीने पडताळून घ्यावे लागते. विजेरीवरील पुष्कळशी यंत्रे याच विकारात दाब कमी दाखवितात, असे आढळले आहे. म्हणून गरोदर स्त्रियांवर पारखलेले यंत्रच प्रसूतिगृहात असावे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी असे एक स्वस्त यंत्र तयार केले. ते दाब व नाडी मोजून हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिवा दाखविते, म्हणजे फारसे न शिकलेल्या कर्मचाऱ्यालाही धोका ओळखता येतो. आफ्रिकेतील काही देश, हैती आणि भारतात बेळगाव जिल्ह्यातील गोकाक अशा दहा ठिकाणी २०१६ व २०१७ या वर्षांत ते वापरून पाहण्यात आले. पाच लाखांहून अधिक प्रसूतींचा हिशेब झाला. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले, की काळानुसार आपोआप होणारी सुधारणा वजा केली असता केवळ या यंत्रामुळे मृत्यू व गंभीर आजार निश्चितपणे घटले, असे म्हणता येत नाही. यंत्र वाईट होते असा याचा अर्थ नव्हे. तांबडा दिवा लागल्यानंतर औषध हाताशी नसेल, गाडी येण्यास तीन तास लागणार असतील, किंवा रक्ताची पिशवी मिळणार नसेल, तर दिवा तेवढा लागतो आणि स्त्री तेथेच राहते. मोजणे हा साखळीचा पहिला दुवा आहे. तो तुटला तर पुढचे दुवे निरुपयोगी होतात, आणि पुढचे तुटले तर तो निरुपयोगी होतो.

शासन, कर्मचारी आणि कुटुंब

ही साखळी अखंड राहावी म्हणून गेल्या काही वर्षांत ज्या व्यवस्था उभ्या राहिल्या, त्यांचा लाभ प्रत्येक कुटुंबाने घेतला पाहिजे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या व ने-आण विनामूल्य आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते व जोखमीच्या माता वेगळ्या ओळखल्या जातात. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता मृत्युमुखी पडत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. त्याच वेळी देशाचे प्रमाण ९७ होते, तर केरळचे १९. ही प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु केरळने गाठलेली मजल पाहता अद्याप वाचविता येण्याजोग्या माता आपल्याकडेही आहेत, हे विसरून चालणार नाही.

कर्मचाऱ्यांकडून अपेक्षा मोठी नाही. दाखल होताच एकदा, कळांत दर चार तासांनी, शंका येताच लगेच आणि बाळंतपणानंतर पंधरा पंधरा मिनिटांनी दाब मोजावा. जो आकडा दिसला तोच लिहावा. शेजारी वेळ लिहावी. पाळी बदलताना तो पुढच्या परिचारिकेस तोंडीही सांगावा. रात्री डॉक्टरांना उठविण्याचा संकोच धरू नये, आणि उठविले गेलेल्या डॉक्टरांनीही त्याबद्दल परिचारिकेला कधी बोल लावू नये. एका रात्री नाहक उठवल्याने झोपमोड होते. एका रात्री न उठवल्याने घर उजाड होते.

कुटुंबाने करावयाचे काम त्याहून सोपे आहे. माता व बाल संरक्षण कार्ड न विसरता बरोबर न्यावे. सिस्टरांना नम्रपणे विचारावे, ताई, हिचा दाब किती आहे? पुन्हा केव्हा मोजणार? हा प्रश्न विचारणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखविणे नव्हे. ज्या घरात गाईच्या वेताची तारीख, विहिरीच्या पाण्याची पातळी व बाजारातला भाव तोंडपाठ असतो, त्या घराला आपल्या सुनेच्या रक्तदाबाचा आकडाही ठाऊक असावा. तो आकडा आज रात्रीचा असावा, एवढे मात्र पाहावे.